रुळांशेजारचे गाव

फ्रँक हॉर्नबी हे नाव खेळण्यातील आगगाडीमुळे जगभर पोहोचले. मात्र रुळांवरून धावणाऱ्या गाडीइतकेच लक्ष त्यांच्या कारखान्याने रुळांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या फलाटाकडे, हमालाकडे आणि फाटकाकडे दिले. या कडेच्या पसाऱ्यातूनच पुढे खेळण्यातील मोटारींचा एक स्वतंत्र उद्योग जन्माला आला. लिव्हरपूलच्या या एकेकाळच्या कारकुनाच्या आयुष्याचा हा मागोवा.

दिवाळीच्या सुटीत चिंचवडगावात, प्राधिकरणातील बंगल्यांच्या अंगणात किंवा भोसरीच्या एखाद्या गल्लीत किल्ला बांधणारी मुले एक अवघड काम अगदी सहज करीत असतात. विटा-दगडांचा ढीग रचून त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरले की डोंगर तयार होतो. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरली की चार-सहा दिवसांत हिरवळ उगवते. तरीही तोवर तो मातीचा ढिगाराच असतो. पायथ्याला विहीर खणली, औत हाकणारा शेतकरी आणि डोक्यावर घागर घेतलेली बाई मांडली, बुरुजावर पहारेकरी चढला, की मग त्या ढिगाऱ्याचा गड होतो. मावळा दरवाजापेक्षा उंच दिसतो, याची खंत कुणालाच नसते.

रेल्वेची प्रतिकृती उभारणारे हौशी लोकही नेमके हेच करतात. फरक इतकाच, की त्यांना मावळा दरवाजातून आत जाऊ शकेल इतक्याच उंचीचा हवा असतो. गाडी विकत मिळते, रूळही मिळतात. परंतु ती गाडी कुठून तरी येऊन कुठे तरी निघाली आहे, असे वाटायला लावणारे गाव मात्र स्वतःच वसवावे लागते. या छंदाला घराघरांत नेण्याचे श्रेय ज्या मोजक्या व्यक्तींना जाते, त्यांत फ्रँक हॉर्नबी यांचे नाव अग्रभागी आहे.

हिशेबनीसाचे घर

हॉर्नबी यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. वडील किराणा व खाद्यपदार्थांचे व्यापारी होते. मुलाला अभ्यासात फारसा रस नव्हता. सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली आणि वडिलांच्याच पेढीवर रोखपालाचे काम पत्करले. स्वकष्टाने मोठ्या झालेल्या संशोधकांच्या कथा सांगणारी सॅम्युअल स्माइल्स यांची पुस्तके या मुलाच्या मनात घर करून राहिली होती. आपणही काहीतरी शोधावे, ही ओढ त्याला लहानपणीच लागली. एकदा सुरू झाले की कधीच थांबणार नाही असे यंत्र बनवण्याची धडपडही त्याने करून पाहिली. ते यंत्र अर्थातच चालले नाही. हातांना हत्यारांची सवय मात्र लागली.

१८८७ मध्ये क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी त्यांचा विवाह झाला. रोलंड आणि डग्लस हे दोन मुलगे झाले. १८९९ मध्ये वडिलांचे निधन झाले, पेढी बंद पडली आणि छत्तिशीतील हॉर्नबी यांना दुसऱ्याच्या दारात नोकरी शोधावी लागली. डेव्हिड एलियट नावाच्या मांस-आयातदाराकडे ते हिशेबनीस म्हणून रुजू झाले. पुढे ज्यांच्या नावावर एक मोठा उद्योग उभा राहिला, त्या माणसाची त्या वेळची स्थिती ही होती. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते आणि अभियांत्रिकीचे शिक्षणही नव्हते.

भोके पाडलेल्या पट्ट्या

घरी संध्याकाळी ते मुलांसाठी पत्रा कापून पूल, गाडे आणि याऱ्या बनवीत. प्रत्येक खेळण्यासाठी वेगळे भाग कापावे लागत आणि खेळणे जुने झाले की ते भाग वाया जात. यावरचा उपाय त्यांना सापडला तो अत्यंत साधा होता. सर्व पट्ट्यांची रुंदी एकच, अर्धा इंच; त्यांवरील भोकांमधील अंतरही एकच, अर्धा इंच. अशा पट्ट्या नटबोल्टने जोडल्या की आज पूल आणि उद्या त्याच तुकड्यांची यारी होऊ शकते. भाग ठराविक मापाचे केले की ते परस्परांच्या जागी बसतात, हे तत्त्व मोठ्या कारखान्यांत रूढ होत होते; हॉर्नबी यांनी ते मुलांच्या हाती दिले.

जानेवारी १९०१ मध्ये त्यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले. त्यासाठी लागणारे ५ पौंड त्यांनी मालकाकडून उसने घेतले होते. एलियट यांना हिशेबनिसाच्या या खटाटोपात तथ्य दिसले. कार्यालयाशेजारची रिकामी जागा त्यांनी कामासाठी दिली आणि ते भागीदारही झाले. १९०२ मध्ये पहिले संच बाजारात आले. त्यात अवघे १६ भाग होते आणि १२ प्रतिकृतींची माहिती देणारे पत्रक होते. लिव्हरपूलच्या विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेले-शॉ यांनी या खेळण्याची शिफारस केली. तरीही पैसा लगेच आला नाही. धंद्यात पहिला नफा दिसायला १९०६ साल उजाडावे लागले.

१९०७ मध्ये ‘मेकॅनो’ या नावाची नोंदणी झाली आणि त्याच सुमारास हॉर्नबी यांनी नोकरी सोडली. १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा एलियट बाजूला झाले. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना सुरू झाला. आपल्याकडे ‘मेकॅनिक्स’ नावाच्या संचातील पट्ट्या आणि चिमुकले नटबोल्ट अनेक घरांतल्या डब्यांत सापडतात. त्या खेळण्याचे कूळ शोधत गेले की आपण या कारखान्यापाशी येऊन पोहोचतो.

रुळांवर गाडी

पहिल्या महायुद्धापूर्वी खेळण्यातील आगगाड्यांवर जर्मन कारखान्यांचे वर्चस्व होते. युद्धानंतर ब्रिटनमध्ये जर्मन मालाविषयी नाराजी होती आणि बाजारात पोकळी निर्माण झाली होती. १९२० मध्ये हॉर्नबी यांनी चावीवर चालणारी आगगाडी आणली. रुळांमधील अंतर ३२ मिलिमीटर, म्हणजे ‘ओ’ गेज. पहिल्या गाड्या मेकॅनोप्रमाणेच नटबोल्टने जोडलेल्या होत्या. एखादा भाग तुटला तर तेवढाच बदलता येई. १९२५ पासून विजेवरच्या गाड्याही आल्या.

येथे एक अडचण होती आणि ती रेल्वेची प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाला आजही भेटते. सामान्य घरातील जमिनीवर किंवा मेजावर मावायचे, तर रुळांचे वळण फार लहान ठेवावे लागते. हॉर्नबी यांच्या गाड्यांचे रूळ १ फूट व २ फूट त्रिज्येचे असत. ‘ओ’ गेजचे ब्रिटिश प्रमाण साधारण १:४३.५ धरले, तर १ फूट त्रिज्येचे वळण प्रत्यक्षात सुमारे १३ मीटरचे होते. आपल्या ब्रॉडगेज मार्गावर अगदी तीव्र वळणाची मर्यादाही १७५ मीटरची आहे. म्हणजे मापाच्या दृष्टीने ही गाडी निव्वळ अशक्य होती. तरी मुलांना ती खरी वाटत असे. त्यामागे इंजिनाच्या रंगसंगतीची अचूकता होतीच. १९२३ मध्ये ब्रिटनमधील शंभराहून अधिक रेल्वे कंपन्यांचे चार मोठ्या कंपन्यांत एकत्रीकरण झाले, तेव्हा हॉर्नबी यांच्या गाड्यांवरील अक्षरे आणि रंगही त्यानुसार बदलले गेले. परंतु अधिक महत्त्वाचे कारण रुळांच्या बाहेर होते.

कारखान्यातून छापील पत्र्याची स्थानके, सिग्नलच्या केबिन, पादचारी पूल, जाळीदार लोखंडी पूल, पाण्याच्या टाक्या, दिव्याचे खांब, बोगदे आणि फाटके बाहेर पडू लागली. दुधाच्या बरण्या आणि प्रवाशांचे सामानही मिळू लागले. पुढे रुळांच्या वळणाला नेमके बिलगतील अशा आकारात कापलेले शेतांचे तुकडे, कुंपणे आणि झाडेही आली. बोगदा हा यांतला सर्वांत चतुर भाग म्हणावा लागेल. गाडी क्षणभर दिसेनाशी होते आणि तेवढ्या वेळात पाहणाऱ्याचे मन तिला दूर कुठे तरी नेऊन आणते. गोल फिरून तिथेच येणाऱ्या गाडीला प्रवास मिळतो तो अशा आडोशामुळे. आजही अनुभवी हौशी कारागीर रूळ मांडण्याआधी गाडी कुठे लपवायची, हे ठरवतो. त्यासाठी डोंगर, झाडी किंवा उंच इमारत कुठे हवी, याचा विचार त्यानंतर होतो.

१९१६ मध्ये सुरू झालेले कंपनीचे मासिक या छंदाची शाळाच बनले. १९२८ मध्ये मुलांसाठी ‘हॉर्नबी रेल्वे कंपनी’ नावाची संघटना निघाली. सदस्यांना बिल्ला मिळे. गावोगावी शाखा निघत. गाडी कशी पळवायची यापेक्षा रेल्वे कशी चालवायची, हे मुलांनी शिकावे, यावर तिचा भर होता. वेळापत्रक, सिग्नल, मालगाडीची जुळणी या गोष्टी खेळातून शिकवल्या जात. रेल्वे ही एक व्यवस्था आहे आणि इंजिन हा तिचा एक भाग आहे, ही समज त्यामागे होती.

हमाल, प्रवासी आणि मेंढपाळ

१९३१ साली ही समज आणखी एक पाऊल पुढे गेली. ओतीव धातूच्या रंगवलेल्या छोट्या आकृत्यांचे संच कारखान्याने विक्रीस आणले. पहिला संच स्थानकावरील कर्मचाऱ्यांचा होता. त्यानंतर शेतातील जनावरे, प्रवासी, रेल्वेचे कामगार, गाडीतील व हॉटेलातील सेवक आणि मेंढपाळ, असे संच आले. या यादीकडे नीट पाहिले तर ध्यानात येते, की तिच्यात राजा नाही, सेनापती नाही. आगगाडी येते तेव्हा स्थानकात आणि स्थानकाबाहेर जी माणसे असतात, तीच तेवढी आहेत. तोपर्यंत धातूच्या आकृत्या म्हटले की शिपायांच्या पलटणी डोळ्यांसमोर येत. हॉर्नबी यांच्या कारखान्याने हमालाला आणि मेंढपाळाला मुलांच्या खोलीत जागा दिली.

या चिमुकल्या माणसांचे काम केवळ शोभेचे नव्हते. माणसाची उंची साऱ्यांना ठाऊक असते. त्यामुळे फलाटावर योग्य उंचीचा एक हमाल उभा केला की डोळा त्यावरून दरवाजा, डबा, झाड आणि टेकडी या सर्वांचे माप घेतो. हमाल चुकला तर सारे स्थानक चुकते. दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळ्याचे कौतुक आपण करतो; तोच मावळा रेल्वेच्या फलाटावर चालत नाही, त्याचे कारण हे आहे.

स्थानकासमोर माणसे आली, तेव्हा रस्त्यावर वाहनेही हवीत, हे ओघानेच आले. डिसेंबर १९३३ मध्ये सहा वाहनांचा संच निघाला. त्यात दोन मोटारी, मालाचा ट्रक, सामान पोचवणारी व्हॅन, ट्रॅक्टर आणि एक रणगाडा होता. फाटकापाशी थांबलेली एखादी मोटार असावी, एवढाच त्यामागचा हेतू. परंतु मुलांनी रेल्वेशिवाय नुसती वाहनेच मागायला सुरुवात केली. एप्रिल १९३४ मध्ये या मालाला ‘डिंकी टॉइज’ हे नाव मिळाले. थोड्याच काळात त्यांची संख्या इतकी वाढली की मुळात ही रेल्वेच्या देखाव्यातील दुय्यम पात्रे होती, याचा लोकांना विसर पडला. आज जगभर मोटारींच्या प्रतिकृतींसाठी १:४३ हे माप रूढ आहे. ‘ओ’ गेज रेल्वेच्या मापाची ती खूण अजून टिकून आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात डिंकीचे काही साचे भारतात आले आणि कलकत्त्यात ‘निकी टॉइज’ या नावाने त्यांतून मोटारी निघू लागल्या.

जस्ताचा धडा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकांना या कथेतील एक प्रकरण विशेष जवळचे वाटेल. डिंकीच्या सुरुवातीच्या वाहनांत शिशाचा मिश्रधातू होता. नंतर जस्ताचा मिश्रधातू दाबाने साच्यात भरण्याची पद्धत आली. भोसरीच्या लघुउद्योगांत डाय-कास्टिंग हा शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात असतो, त्यांना हे नव्याने सांगायला नको. या पद्धतीने बारीक तपशील उमटतो आणि एकसारखे हजारो नग काढता येतात. मात्र जस्त शुद्ध हवे. त्यात शिशाचा थोडासा अंश मिसळला, तरी काही वर्षांनी धातू आतून फुगतो, त्याला तडे जातात आणि अखेर तो बिस्किटासारखा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक डिंकी मोटारी संग्राहकांच्या कपाटात न हाताळताही अशाच नष्ट झाल्या. साच्यातून निघाला तेव्हा नग निर्दोष होता. दोष भट्टीपाशी झालेल्या निष्काळजीपणाचा होता आणि तो दिसायला कैक वर्षे गेली. खेळणे म्हणून धातूच्या शुद्धतेत सूट मिळत नाही, हा त्यातला धडा.

अखेरची वर्षे

एव्हाना हॉर्नबी श्रीमंत झाले होते. १९३१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षाच्या वतीने ते ब्रिटिश संसदेत निवडून गेले. १९३५ मध्ये ते राजकारणातून बाजूला झाले. हृदयविकार आणि मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. २१ सप्टेंबर १९३६ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लिव्हरपूलजवळच्या मॅगल येथे त्यांचे दफन झाले. ज्याच्यासाठी पहिला पत्रा कापला होता, तो मुलगा रोलंड कंपनीचा अध्यक्ष झाला.

त्यांच्या नावाला सर्वाधिक काळ जागते ठेवणारी गोष्ट मात्र त्यांनी पाहिली नाही. १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ ही निम्म्या आकाराची रेल्वे आली. रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर आणि प्रमाण १:७६. जमिनीवर पसरणारी रेल्वे आता जेवणाच्या मेजावर मावू लागली. गाडी लहान झाली, म्हणून तिच्या भोवती गाव वसवायला जागा मिळाली. जाळीवर प्लास्टरचे डोंगर उभे करणे, रंगवलेल्या लाकडाच्या भुशाची हिरवळ करणे, वाळलेल्या शेवाळाची झाडे लावणे, या साऱ्या घरगुती कारागिरीला खरा बहर आला तो या आकारामुळे. पुढे १९६४ मध्ये कंपनी दुसऱ्या खेळणी-उद्योगाच्या ताब्यात गेली. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. हॉर्नबी हे नाव मात्र आगगाड्यांवर कायम राहिले.

पुण्यातील रूळ

या परंपरेचे एक टोक पुण्यात आहे. भाऊसाहेब जोशी यांनी छंदापोटी वर्षानुवर्षे जमवलेल्या आणि घडवलेल्या गाड्यांतून कोथरूड येथे लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तेथील रेल्वे १:८७ या प्रमाणातील आहे. गाड्या पाहायला आलेली मुले सिग्नल, उड्डाणपूल, दिव्याचे खांब आणि सर्कशीचा तंबू पाहण्यात रमतात. हॉर्नबी यांच्या हिशेबाची सत्यता तेथे अनायासे पटते.

हेच काम एखाद्याने चिंचवड स्थानक नजरेसमोर ठेवून करायचे म्हटले, तर काय होईल? समजा, सदनिकेतील एका भिंतीलगत २ मीटर लांब आणि १ मीटर रुंद फळी बसवली. १:८७ या प्रमाणात ती १७४ मीटर लांब व ८७ मीटर रुंद जमीन होते. लोकलचा डबा साधारण २१ मीटरचा धरला, तर प्रतिकृतीत तो सुमारे २४ सेंटीमीटरचा होईल आणि बारा डब्यांची लोकल जवळजवळ ३ मीटरची. म्हणजे गाडीच फळीबाहेर जाते. लोणावळ्यापर्यंतचा ६४ किलोमीटरचा मार्ग याच मापाने उभारायचा, तर सुमारे ७३५ मीटर जागा लागेल. शिवाय बाजारात मिळणारे १६.५ मिलिमीटरचे रूळ परदेशातील रुंदीचे आहेत. आपल्या १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला खरे तर १९ मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर हवे.

म्हणून बारा डब्यांचे चार करावे लागतात, फलाट आखूड करावा लागतो, रुळांच्या रुंदीत तडजोड करावी लागते. काय गाळायचे, हे फूटपट्टी सांगते. काय ठेवायचे, ते मात्र डोळ्याने ठरवायचे असते. पादचारी पूल ठेवलाच पाहिजे. फलाटाची उंची, तिथे टेकून उभा असलेला पाळीचा कामगार, चहाची टपरी, स्थानकाबाहेरची रिक्षांची रांग यांना हात लावता येणार नाही. मागचे कारखाने पूर्ण बांधायची गरज नसते. पुठ्ठ्याची दोन इंच जाडीची दर्शनी भिंत, उतरते छप्पर आणि एक धुराडे एवढ्यावर पाहणाऱ्याच्या मनात अख्खी औद्योगिक वसाहत उभी राहते. चहाचा चोथा उन्हात वाळवून चाळला की जमिनीचा रंग मिळतो. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे तुकडे हिरव्या रंगात बुडवले की कुंपणाची झाडे होतात. किल्ला करणाऱ्या हातांना यातले काहीच परके नाही.

१९५० च्या दशकात पिंपरीला पेनिसिलीनचा कारखाना आला, १९६० च्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली, नंतर चाकणपर्यंत मोटारींचे कारखाने पसरले. त्या काळातील अनेक शेड, कौलारू घरे आणि जुनी फाटके पाहता पाहता दिसेनाशी झाली. मोठ्या वास्तूंची छायाचित्रे राहतात. फाटकावरच्या खोलीची किंवा कारखान्याच्या दारातील टपरीची सहसा राहत नाहीत. रुळांशेजारचा हा किरकोळ पसारा मोजून, मापात बसवून, हाताने पुन्हा उभा करणारा माणूस आपल्या गावाची एक नोंद करून ठेवीत असतो. हमाल आणि मेंढपाळाला गाडीइतकेच महत्त्व देणाऱ्या कारखान्याने ही वाट दाखवून नव्वदहून अधिक वर्षे झाली. किल्ल्याची माती कालवणाऱ्या हातांना त्या वाटेने जायला एक फळी, एक पट्टी आणि थोडा धीर एवढेच भांडवल पुरेसे आहे.